संगणकाचें बारसें

डेबियन लिनक्सवर चालणाऱ्या घरच्या संगणकाचें नांव आम्हीं परवां हौसेनें बदलून 'शारदा' ठेविलें. लगेच 'सुडो' म्हणून दिलेल्या प्रत्येक आज्ञेस 'शारदा कोण?' अशा अर्थाची तक्रार येऊं लागली. नवी खिडकीहि उघडेना. 'सारें पुसून नव्यानें मांडूं, बाबा,' असें चिरंजीव म्हणाले. पण त्यांत आमच्या कैलासवासी कुटुंबाचीं पत्रें होतीं! शोधाअंतीं कळलें, कीं नांव 'एट्सी' या कप्प्यांतील 'होस्टनेम' व 'होस्ट्स' या दोन्ही फायलींत हवें; दुसरींत जुनेंच राहिलें होतें. तेथें १२७.०.१.१ या अंकांपुढें 'शारदा' लिहितांच तक्रार थांबली. खिडकीचा परवाना जुन्या नांवावर होता. लॉगआउट करून पुन्हां प्रवेश करितांच तोहि नवा मिळाला. वाचकहो, बारसें केल्यावर नोंद सर्वत्र बदलावी. पुसण्याची घाई मात्र कधींच करूं नये.