कोयत्यातली बाई

पाथर्डी-शेवगावची ऊसतोड जोडपी उचल घेऊन कारखान्यावर जातात. कागदावर दोघांचा मिळून एक ‘कोयता’. ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. हिशेब मात्र मुकादम आणि नवरा यांच्यात. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. कमिशन दरावरच मिळतं, म्हणजे मुकादमाचं आपोआप वाढलं. वर टक्काही 19 चा 20 केला! तिच्या मोळीवर त्याला कमिशन, तिला स्वतःच्या नावाची मजुरी नाही. पाळीत खाडा पडला की दंड कापायला मात्र तिची आठवण होते. करार तीनच वर्षांचा. यापुढे बोलणीला ऊसतोड बायका बसल्याच पाहिजेत, अर्धी उचल आणि अर्धा हिशेब त्यांच्या नावावर मागायला.