साठीनंतरची धावपट्टी

रोटरी, लायन्स आदी सेवा-क्लबांच्या भोजनसभांची थट्टा करण्याची समाजवादी वर्तुळात जुनी रीत आहे. घंटा वाजते, जेवण होते, पाहुणा वीस मिनिटे बोलतो, आभार मानले जातात आणि व्यापारी मंडळी आपापल्या पेढीवर परततात. ही थट्टा अगदीच निराधार नाही. परंतु अमेरिकेतील लहानमोठ्या शहरांत अशा सभांपुढे वारंवार येणारा एक विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही. तो म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्यांच्या क्रीडास्पर्धा. संयोजक येतो, पोहणे, धावणे, गोळाफेक, टेबल टेनिस अशा खेळांची माहिती देतो, घड्याळ धरण्यास स्वयंसेवक मागतो आणि अर्थातच देणगीही मागतो.

या स्पर्धांची राष्ट्रीय जत्रा १९८७ मध्ये सेंट लुई येथे प्रथम भरली; सुमारे २,५०० खेळाडू आले. दर पाच वर्षांचा एक वयोगट, ही त्यातील खरी सुज्ञ योजना. सत्तरीच्या बाईला पंचावन्नच्या बाईशी झुंजावे लागत नाही. ज्युलिया हॉकिन्स या निवृत्त शिक्षिकेने शंभरी गाठल्यावर धावण्यास आरंभ केला आणि २०२१ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी, लुइझियाना राज्याच्या स्पर्धेत १०० मीटर अंतर ६३ सेकंदांच्या आत कापले. म्हातारपण म्हणजे कोपऱ्यातील खाट, ही समजूत अशा एका धावेने जितकी ढिली होते तितकी दहा व्याख्यानांनी होत नाही.

तथापि सभेतील टाळ्या ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. धावपट्टीपर्यंत पोहोचलेला हा वृद्ध आला कोठून? क्लबच्या औदार्यातून तो आलेला नाही. १९५९ मध्ये अमेरिकेतील ६५ वर्षांवरील नागरिकांपैकी ३५ टक्के दारिद्र्यरेषेखाली होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले. या घटीचे मोठे श्रेय १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याकडे आणि पुढे त्याच्या निवृत्तिवेतनात झालेल्या वाढीकडे जाते. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना आली. त्यापूर्वी जवळजवळ निम्म्या वृद्धांपाशी रुग्णालयाच्या खर्चाचा विमाच नव्हता. डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने त्या योजनेला ‘समाजवादी वैद्यक’ म्हणून कडाडून विरोध केला होता. आज त्याच योजनेच्या आधारे गुडघे बदलून घेतलेले लोक पदके जिंकतात. आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या नावाला मात्र ह्युमाना या खासगी विमा कंपनीचे नाव जोडले गेले, जिच्या उत्पन्नाचा मोठा भाग मेडिकेअरच्या मार्गाने सरकारी तिजोरीतूनच येतो. पैसा जनतेचा, पाटी कंपनीची!

जागतिक मास्टर्स स्पर्धा १९८५ मध्ये टोरांटोला सुरू झाल्या. तेथे राष्ट्रीय निवड नसते. वयाची अट पुरी करून शुल्क भरणाऱ्या कोणालाही प्रवेश मिळतो. ‘सर्वांना खुली’ असे याचे वर्णन होते. वस्तुतः निवड तेथेही होते, केवळ ती निवडसमितीऐवजी खिसा करतो. २०१७ च्या ऑकलंड स्पर्धेत १०१ वर्षांच्या मान कौर यांनी १०० मीटर धाव ७४ सेकंदांत पुरी केली, तेव्हा साऱ्या देशाने कौतुक केले. पतियाळाच्या राजवाड्यात चाकरी केलेल्या या बाई वयाच्या ९३ व्या वर्षी मैदानावर उतरल्या, त्या मुलाच्या आग्रहाने व आधाराने. ज्यांना असा मुलगा नाही, त्यांच्यासाठी शासनाने काय योजले आहे?

उत्तर लाजिरवाणे आहे. दारिद्र्यरेषेखालील वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्र सरकारचा वाटा २००७ पासून महिन्याला २०० रुपये एवढाच राहिला. ऐंशीनंतर तो ५०० होतो. रेल्वेची भाडेसवलत, साठीच्या पुरुषाला ४० टक्के आणि ५८ वर्षांच्या स्त्रीला ५० टक्के, मार्च २०२० मध्ये साथीचे कारण देऊन काढून घेतली गेली. साथ गेली, सवलत परत आली नाही. पंचाहत्तरी पार केलेल्यांना महाराष्ट्रात एस.टी.चा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे, ही चांगली गोष्ट. पण दुसऱ्या राज्यातील स्पर्धेला निघालेल्या ज्येष्ठ खेळाडूला रेल्वेचे पूर्ण भाडेच मोजावे लागते. जन्मभर पोती वाहिलेल्या हमालाचे गुडघे साठीला कोणत्या अवस्थेत असतात, हे सांगण्यास वैद्यकीय अहवालाची गरज नाही. त्याचा वयोगट कागदावर कोणताही असो, त्याचे शरीर केव्हाच पुढच्या गटात गेलेले असते.

म्हणून गावातील एखाद्या क्लबाने ज्येष्ठांच्या शर्यतींसाठी सभा बोलाविली, तर कार्यकर्त्यांनी नाक मुरडून घरी बसू नये. जावे, घड्याळ धरावे, पाणी वाटावे. आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी उठून सभ्यपणे काही गोष्टी विचाराव्यात. प्रवेशशुल्क किती आहे? ज्या दिवशी शर्यत ठेवली आहे त्या दिवशी बासष्ट वर्षांच्या रखवालदाराला आणि चार घरची भांडी घासणाऱ्या त्याच्या पत्नीला सुटी असेल काय? नगरपालिकेचे मैदान शर्यतीपुरते साफ होणार की त्यानंतरही उघडे राहणार? रेल्वेची सवलत पूर्ववत करावी असा ठराव त्याच सभेत मांडावयास कोणाची हरकत आहे काय? भोजनानंतरच्या सुस्तीत असे ठराव बहुधा एकमताने मंजूर होतात. त्याची प्रत खासदाराकडे नेऊन देण्याचे काम मात्र क्लबवर सोडू नये.