लिननची घडी
जवसाच्या खोडातील तंतूंपासून विणलेले लिनन ओले असताना कोरड्यापेक्षा अधिक बळकट असते, त्यामुळे ते धुण्यापेक्षा चुकीच्या घडीने लवकर खराब होते. या तंतूंत लवचीकता, म्हणजे ताण गेल्यावर पूर्ववत होण्याचा गुण, फारच कमी असल्याने एकाच रेषेवर वारंवार कडक इस्त्री फिरवली की तेथील तंतू तुटतात आणि कापड नेमके त्या रेषेवर विरते; म्हणून घडीची जागा दरवेळी बदलावी, किंवा कपडा सरळ टांगून ठेवावा. क्लोरीनयुक्त विरंजक, म्हणजे रंग व डाग घालवणारे रसायन, तंतूंना दुर्बल करते, म्हणून ते टाळावे. लिनन सावलीत वाळवावे आणि इस्त्री कपडा किंचित दमट असतानाच करावी.