मुलांचें नाटक आणि घरची बोली

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत, नागपूर-अमरावती हमरस्त्यावर, तळेगांव (श्यामजी पंत) हें गांव आहे. अशा गांवांत गणपतीचा मांडव आणि शाळेचें पटांगण हींच मुलांचीं नाट्यगृहें. तेथें नाटक बसूं लागलें म्हणजे पहिला तंटा होतो तो उच्चारांचा. इकडच्या वऱ्हाडी बोलींत 'ळ'चा 'य' होतो आणि 'ण'चा 'न'. डोळा तो 'डोया', पाणी तें 'पानी'. तालमींत मुलगा 'डोया' म्हणाला कीं बाकीचे हंसतात, मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशीं तो मुलगा तालमीस येत नाहीं. त्याचें काम मग शुद्ध बोलणाऱ्या घरच्या, म्हणजे बहुधा आमच्या-तुमच्याच, मुलास मिळतें.

आम्हीं सारा जन्म संस्कृत व मराठी शिकविण्यांत घालविला. शुद्ध उच्चारांचा आग्रह वाचनाच्या तासाला हवाच. रंगभूमीची गोष्ट निराळी, आणि ती आमच्या संस्कृत नाटककारांना पक्की ठाऊक होती. कोणत्या पात्रानें कोणती भाषा बोलावी ह्याचा स्वतंत्र विचार भरताच्या नाट्यशास्त्रांत आहे. राजा संस्कृत बोलतो. राणी, दासी प्राकृत बोलतात. विदूषक तर जातीचा ब्राह्मण, तरी प्राकृतच बोलतो! 'शाकुंतला'च्या सातव्या अंकांत सिंहाच्या छाव्याचे दांत मोजावयास निघालेला सर्वदमन हा पुढें चक्रवर्ती होणारा राजपुत्र. पण कालिदासानें त्याच्याही तोंडीं प्राकृतच घातलें. 'मृच्छकटिका'ला तर नांवच एका मुलाच्या मातीच्या गाडीवरून पडलें. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रोहसेन मातीच्या गाडीस नाक मुरडतो, रडतो. वसंतसेना आपले दागिने त्या गाडींत भरते, आणि तेच दागिने पुढें न्यायसभेंत चारुदत्ताच्या जिवावर उठतात. मुलाचा हट्ट म्हणजे नाटकांतली गंमत, असें शूद्रकानें मानलें नाहीं.

मराठी रंगभूमीनें मुलांना राबविलें फार, त्यांच्यासाठीं लिहिलें थोडें. केशवराव भोसले (१८९०-१९२१) कोवळ्या वयांत 'स्वदेशहितचिंतक' मंडळींत गेले आणि देवलांच्या नाटकांतली शारदा होऊन गाजले. १९०८ सालीं त्यांनीं स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. तें भाग्य थोड्यांचें. मुलांसाठीं म्हणून नाटकें करण्याचें काम मुंबईस सुधा करमरकर यांच्या 'लिटिल थिएटर'नें १९५९ सालीं नेटानें हातीं घेतलें. रत्नाकर मतकरी यांचें 'मधुमंजिरी' हें त्यांचें पहिलें नाटक. पुढें बालनाट्यें पुष्कळ झालीं, पण तीं छापील स्वरूपांत खेड्यांत येतात तेव्हां त्यांतलीं मुलें पुण्या-मुंबईचें बोलतात.

एकदां आम्हीं वर्गांत कधीं तोंड न उघडणाऱ्या एका मुलीला आजीचें काम दिलें. संहितेंत वाक्य होतें, "बाळ, तुझ्या डोळ्यांत अश्रु कां आले?" चार दिवस तें तिला साधेना. पांचव्या दिवशीं आम्हीं म्हटलें, तुझी आजी कसें विचारील तसें विचार. मुलगी चटकन म्हणाली, "डोयात पानी काऊन आलं वं माय?" आणि तिचा हात आपोआप समोरच्या मुलीच्या गालाकडे गेला. तो हात आम्हीं शिकविला नव्हता. प्रयोगाच्या वेळीं पुढें बसलेल्या बायांपैकीं दोघी-तिघींनीं तिला जागच्या जागीं उत्तरही दिलें! राजाचें काम करणारा मुलगा मात्र स्वच्छ प्रमाण मराठी बोलला. दोन भाषांतला भेद त्या संध्याकाळीं मुलांना जितका कळला, तितका व्याकरणाच्या तासाला कळत नाहीं.

म्हणून शेतकरी, गुराखी, आजी ह्यांचीं वाक्यें मुलांकडूनच वदवून घ्यावीं आणि मग लिहावीं. राजा व न्यायाधीश ह्यांस पुस्तकी भाषा द्यावी, आणि पुढच्या खेपेस कामें बदलावीं. राजाचें काम वऱ्हाडी घरच्या मुलास मिळालें पाहिजे व गुराख्याचें आपल्या घरच्या. ह्यावर कांहीं घरांतून कुरकुर होईल, होऊं द्यावी. हल्लीं संमेलनांत ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच बसवितात. तेथें उच्चारांचा तंटा उरत नाहीं, कारण कोणाला बोलावेंच लागत नाहीं.

दिवाळीनंतर संमेलनांच्या तालमी सुरू होतील. ज्यांच्या घरीं जुनें लुगडें, घोंगडी किंवा कंदील पडून असेल त्यांनीं तो शाळेकडे धाडावा. आजीच्या कामाला नऊवारी लुगडें ऐन वेळीं हटकून कमी पडतें.