आवाज कमी केला तरी फाटतोच कसा?

आमच्या बीडकडे सप्ताह म्हटला की मांडव, टाळकरी आणि खांबाला बांधलेले कर्णे आलेच. आवाजही बहुतेक वेळा फाटलेला! मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना कीर्तनातला शब्द कळत नाही, मग कोणीतरी ओरडतं, "आवाज वाढवा!" सगळे कर्ण्याला नावं ठेवतात. माझ्या मते बऱ्याचदा गुन्हेगार असतो अँप्लिफायरमधला पहिला ट्रान्झिस्टर.

मंडळी, कट-ऑफ, अ‍ॅक्टिव्ह आणि सॅच्युरेशन हे तीन रीजन आपण मार्कांपुरते पाठ केले. आता जरा हिशोब करू. समजा सप्लाय 12 व्होल्टचा, सिग्नल नसताना कलेक्टर 6 व्होल्टवर, गेन 100. माइकमधून 5 मिलिव्होल्ट आले तर कलेक्टर अर्धा व्होल्ट वर-खाली होतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅक्टिव्हमध्ये, सगळं झकास. पण मधल्या वेळात भजन लावायला कोणी मोबाइलची पिन त्याच माइकच्या सॉकेटात खुपसली की 300 मिलिव्होल्ट गुणिले 100 म्हणजे 30 व्होल्ट. आणायचे कुठून? मग ट्रान्झिस्टर एकीकडे कट-ऑफला आपटतो, दुसरीकडे सॅच्युरेशनला, आणि लाटेचे शेंडे छाटले जातात. माइक पखवाजाला चिकटवला तरी हीच गत होऊ शकते.

गंमत म्हणजे बऱ्याच साध्या सर्किटांत व्हॉल्यूमचं बटण या ट्रान्झिस्टरच्या नंतर असतं. ते कमी केलं की फाटका आवाज लहान होतो, इतकंच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे: इनपुटलाच हरवलेला डेटा पुढे कितीही कोड लिहून परत येत नाही.

त्यात आपला उन्हाळा. तापमान 10 अंश वाढलं की बेस-एमिटरला लागणारं व्होल्टेज साधारण 20 मिलिव्होल्टने घटतं. बेसचं व्होल्टेज तेच ठेवलं, तर करंट जवळपास दुप्पट होतो आणि कलेक्टर सॅच्युरेशनकडे सरकतो. एमिटरला रेझिस्टर लावून त्यावर 1 व्होल्ट पडू दिला, तर तोच फरक दोनेक टक्क्यांवर येतो. काही पैशांचा रेझिस्टर!

थोडक्यात काय, तर मोबाइल ऑक्समध्ये लावा. ऑक्स नसेल तर दोन रेझिस्टर वापरून सिग्नल शंभरावा हिस्सा करा, मगच माइकच्या सॉकेटात द्या. आणि अंबाजोगाई असो की पुणे, कॉलेजांनी हे तीन रीजन फळ्यावर आलेख काढून शिकवण्याआधी पोरांना एकदा मांडवात न्यावं. शेवटच्या रांगेतल्या आजीला शब्द कळला, की समजा धडा समजला.