जुमेरात म्हणजे कोणता वार?



नोकरीच्या पहिल्या वर्षी मराठवाड्यातील एका गावी माझी नेमणूक होती. हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक ठरवताना एक वयस्कर चाचा म्हणाले, "साहब, जुमेरात को आना." मी समजलो, शुक्रवार. शुक्रवारी दुपारी गेलो, तर चाचा नमाजाला गेलेले आणि पेरणी आदल्या दिवशीच उरकलेली! गुरुवारी त्यांनी माझी वाट पाहिली; पण जमिनीतली ओल उडून चालली, म्हणून बियाणे तसेच पेरले. पुढे त्या रानात मर रोगाने जागोजाग रोपे वाळली. चूक माझी होती. तेव्हापासून मी उर्दूतले वार नीट समजून घेतले.

इतवार म्हणजे आदित्यवार. आपला आइतवार तोच. सोमवारला म्हणतात पीर. हा फारसी शब्द. अर्थ वडीलधारा, साधुपुरुष. मंगल आणि बुध तर आपलेच, ग्रहांवरून पडलेले. जुमा म्हणजे शुक्रवार. शब्द अरबी, अर्थ लोकांनी एकत्र जमण्याचा दिवस. आपण बोलतो ते जमा, जमात, जमाबंदी हे शब्द त्याच मुळातून आले आहेत.

आता जुमेरात. शब्दशः जुम्याची रात्र. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, इस्लामी कालगणनेत सूर्यास्ताला. म्हणून गुरुवारी दिवस मावळला की जुम्याची रात्र लागते, आणि त्या रात्रीचे नाव सबंध गुरुवारालाच पडले.

राहिला शनिवार. त्याला सनीचर म्हणतात, तसेच हफ्ताही. फारसीत हफ्त म्हणजे सात. संस्कृत सप्तचा तो सख्खा भाऊ. गावातला हरिनाम सप्ताह आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, दोघांचे कूळ असे एकच! मात्र कोणी 'हफ्ते को आऊंगा' म्हणाला, तर तो शनिवारी येणार आहे, आठवड्याने नव्हे, हे ध्यानात ठेवा.

मग करावे काय? बैलजोडी असो, मजूर असो की ट्रॅक्टर, वायदा करताना वाराबरोबर तारीखही बोला आणि समोरच्याकडून ती वदवून घ्या. घरातल्या मुलांना हे सात वार शिकवा. शेजाऱ्याच्या बोलीतले चार शब्द कळले तर शेजार राखला जातो, आणि वेळेवर कळले तर हंगामही साधतो.