चोर सोडून संन्याशाला फाशी

घरातला ॲम्प्लिफायर घुमायला लागला किंवा एकाएकी मुका झाला, की दुरुस्तीच्या दुकानात ठरलेले उत्तर मिळते, ‘रेग्युलेटर गेलाय.’ तो बदलला जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सल्ला येतो, ‘आता भंगारात द्या, नवीन घ्या.’ हौसेपोटी तीसएक वर्षे सोल्डरिंग आयर्न हाताळणारा मी. या निकालाविरुद्ध माझी तक्रार आहे. रेग्युलेटर बहुतेक वेळा निर्दोष असतो आणि खरा चोर शेजारीच आरामात बसलेला असतो.

हा रेग्युलेटर करतो तरी काय? भिंतीतले २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मर कमी करतो, डायोड त्या विजेला एकाच दिशेने वाहायला लावतात, मोठा फिल्टर कपॅसिटर तिच्यातल्या लाटा सपाट करतो. त्यानंतर येतो हा तीन पायांचा काळा तुकडा. ७८०५ असेल तर पाच व्होल्ट, ७८१२ असेल तर बारा, असा त्याचा साधा हिशेब. मात्र बारा द्यायचे तर त्याला स्वतःला निदान साडेचौदा तरी मिळावे लागतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एका स्नेह्यांच्या कॅसेट डेकचेच उदाहरण घ्या. त्यांच्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची एकच कॅसेट घरात आहे. आई जाऊन बरीच वर्षे झाली. डेक लावला की ओव्यांच्या मागे सतत ‘हूंऽऽ’ असा घोष. दुकानात दोनदा ७८१२ बदलून झाला होता, घोष तसाच. मीटर लावला तर रेग्युलेटरच्या इनपुटला डीसी पंधरा व्होल्ट, म्हणजे वरवर पाहता सारे ठीक. पण एसीवर मोजले तेव्हा त्याच जागी दोन व्होल्टांची लाट निघाली. पंधरा ही सरासरी होती. दर सेकंदाला शंभर वेळा व्होल्टेज बाराच्याही खाली बुडत होते आणि तोच शंभराचा सूर स्पीकरमधून ऐकू येत होता. फिल्टर कपॅसिटर वाळला होता. तो बदलायला लागले एका वडापावाचे पैसे. नंतर ओव्यांमधला आईचा श्वासही ऐकू आला, असे स्नेही म्हणाले.

दुसरा प्रकार याहून फसवा. आउटपुटला शून्य व्होल्ट दिसले की रेग्युलेटर मेला असे गृहीत धरतात. खरे तर त्याच्या पोटातच संरक्षणाची सोय आहे. पुढे कुठे शॉर्ट झाले तर तो, महिनाअखेरीस घरखर्चाचा हात आखडावा तसा, प्रवाह आवरतो. फार तापला तर स्वतःहून बंद होतो. म्हणून वीज बंद करून त्याचा आउटपुटचा पाय बोर्डापासून मोकळा करावा आणि मग नुसत्या पायावर मोजावे. बारा आले, तर दोष पुढच्या एखाद्या कपॅसिटरचा किंवा आयसीचा. दहा मिनिटे वाजून गप्प होणारा, थंड झाल्यावर पुन्हा गाणारा संच असेल तर हीटसिंक तपासा. स्क्रू ढिला किंवा मधली पेस्ट सुकलेली सापडते.

७८१५ आणि ७९१५ या जोडीची तर कथाच वेगळी. एक अधिक पंधरा देतो, दुसरा उणे पंधरा. दिसायला जुळे भाऊ, पण पायांचा क्रम निराळा. पहिल्याच्या पाठीचा पत्रा ग्राउंडला जोडलेला, दुसऱ्याचा इनपुटला. खालची अभ्रकाची चकती विसरली की नवा तुकडाही नव्या शॉर्टसह बसतो.

हे घरी करून पाहणाऱ्यांना एक विनंती. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तेव्हा लगेच बोट घालू नका. पहिल्यांदा वीज देताना साठ वॉटचा तारेचा दिवा सिरीजमध्ये घ्या. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही, भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट आहे.

सगळा दोष कारागिरांवर टाकणे मला पटत नाही. जुन्या कित्येक रेडिओंच्या झाकणाआड सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. आज तो मागूनही मिळणे कठीण. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ते स्वागतार्हच. पण आपल्या गल्लीतल्या कारागिराच्या हाती नकाशा पडेल तेव्हा खरे. शिवाय आपण गिऱ्हाइके तरी कसली? बदललेल्या पार्टचे पैसे निमूटपणे देतो, पण अर्धा तास मोजमाप करून ‘पार्ट चांगला आहे’ सांगणाऱ्याला काही द्यायचे म्हटले की कपाळाला आठ्या. मग तोही पार्टच बदलणार! मी हल्ली दुकानात शिरतानाच सांगतो, तपासणीचे पैसे वेगळे देईन, इनपुटला किती व्होल्ट आले ते कागदावर लिहून द्या. मीटर लगेच बाहेर येतो.